सामानापाशी कोण बसणार?

मराठी कुटुंब सहलीला निघालं की एक वाक्य कुठे ना कुठे येतंच. कधी स्टेशनवर, कधी देवळाबाहेर, कधी किल्ल्याच्या पायथ्याशी. "सामानापाशी कोण बसणार?" दोन सेकंद सगळे इकडेतिकडे बघतात आणि मग ठरलेलं उत्तर येतं, "तुम्ही जाऊन या सगळे, मी बसते." लक्ष द्या, 'बसते'. 'बसतो' म्हणणारा पुरुष मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय आणि त्यातल्या एकाचा गुडघा दुखत होता.

माझी आई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवत होती. या बाईने मैसूरचा राजवाडा बाहेरूनसुद्धा धड पाहिलेला नाही. मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही राजवाडा बघून आलो तेव्हा ती बसस्टँडवर चार बॅगा, एक वॉटरबॅग आणि मावशीच्या चपला सांभाळत बसली होती. "कसा होता रे?" एवढंच तिने विचारलं. इतिहासाच्या बाईंना राजवाड्याचं वर्णन ऐकवायचं काम सातवीतल्या मुलाकडे! असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या आमच्या ऑफिसात क्रूझची साथ आलीय. २०२१च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा देशांतर्गत क्रूझ सुरू झाल्या, तेव्हापासून कॅन्टीनमधल्या प्रत्येक टेबलावर एक तरी जण जाऊन आलेला किंवा जाणार असलेला सापडतो. बहुतेकांचं निमित्त एकच, आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. प्रश्नही ठरलेले. बाल्कनीवाली केबिन घेऊ का? बोट लागते का? शुद्ध शाकाहारी मिळतं का? आणि मग हळूच शेवटचा, "अरे, आईबाबांची गाडी सकाळी सातला पोचते. बोर्डिंग दुपारी आहे. मधल्या वेळात मुंबई दाखवता येईल ना? पण बॅगांचं काय करू?"

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात मिळतात. चौथ्यासाठी जो तो मुंबईतल्या आपापल्या काकाला फोन करतो. आणि काका म्हणतात, "त्यात काय, कोणीतरी एक जण बसेल सामानापाशी."

माझा मुद्दा सरळ आहे. जहाजात चढायच्या दिवशी बॅग कुठे ठेवायची, हा प्रवाशाच्या हुशारीचा प्रश्न नाही. तो बंदर चालवणाऱ्या शहराचा प्रश्न आहे. शहराने तो सोडवला नाही तरी तो हवेत विरून जात नाही. प्रत्येक कुटुंबातलं एक माणूस, बहुतेक वेळा आई किंवा आजी, आपल्या सहलीचे चार-पाच तास देऊन तो सोडवतं. त्याचं बिल निघत नाही, म्हणून तो खर्च आहे हे कुणाला दिसत नाही.

मधले सहा तास

क्रूझच्या जहाजाचा दिवस कसा असतो ते आधी बघू. सकाळी जहाज धक्क्याला लागतं. आधीच्या फेरीचे प्रवासी उतरतात. त्यांच्या मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगितलेल्या असतात, त्या खाली येतात. मग केबिन साफ होतात, दूध-भाजीपाला चढतो, आणि दुपारच्या सुमाराला नवीन प्रवाशांना आत घ्यायला सुरुवात होते. संध्याकाळी जहाज सुटतं. बार्सिलोना असो, मायामी असो की मुंबई, चक्र साधारण हेच. तुमच्या बॅगेला केबिन नंबरची पट्टी लागते, टर्मिनलवर ती एक्स-रेतून जाते आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येऊन उभी राहते. म्हणजे एकदा बॅग टर्मिनलच्या हवाली केली की तुम्ही मोकळे. अडचण आहे ती त्याआधीच्या तासांची.

आणि ते तास थोडेथोडके नाहीत. कोल्हापूर-सांगलीची महालक्ष्मी, कोकणातली कोकणकन्या, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्यातली देवगिरी, या सगळ्या रात्रभर धावून सकाळी सकाळी सीएसएमटीला येणाऱ्या गाड्या. जे आदल्या दिवशी येऊन हॉटेलात उतरतात त्यांनाही दहा-अकराला खोली सोडावी लागते. जहाज मात्र दुपारशिवाय दार उघडत नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्समध्ये बफर नाहीये. एक सिस्टिम सकाळी सातला माल ओतून मोकळी होते, दुसरी दुपारी एकच्या आधी घेत नाही. अशा वेळी कुठलाही बरा आर्किटेक्ट मध्ये एक क्यू टाकतो. इथे क्यू टाकलेली नाही. इथे आई टाकलेली आहे.

आणि हे कुठे, तर फोर्टमध्ये!

रुक्ष, कंटाळवाण्या बंदरगावात हे सहा तास गेले असते तर मी एवढा चिडलो नसतो. पण मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे. सीएसएमटीपासून ते दीड किलोमीटरच्या आसपास. या छोट्याशा टापूत काय काय आहे ते मोजा. खुद्द सीएसएमटीची इमारत, १८८८ साली पूर्ण झालेली आणि २००४पासून जागतिक वारसा. एशियाटिकचा टाउन हॉल १८३३चा. फ्लोरा फाउंटन १८६४चं. राजाबाई टॉवर १८७८चा. १९२२ साली लोकांसाठी उघडलेलं, आपण अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२४ साली पूर्ण झालेलं गेटवे. या शेवटच्या दोन्हींचा वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट, आणि टर्मिनलच्या दारातल्या बॅलार्ड इस्टेटच्या देखण्या इमारतींमागेही त्याचाच हात. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली वारसा दर्जा मिळाला. दुपारच्या जेवणाला बॅलार्ड इस्टेटमध्येच १९२३ सालचं ब्रिटानिया आहे, तिथला बेरी पुलाव आहे.

हे सगळं पायी होण्यासारखं आहे. जहाजात चढायच्या आधी अर्धा दिवस घालवायला याहून चांगली जागा देशात शोधून दाखवा.

आता याच नकाशावर हातात एक मोठी ट्रॉली बॅग द्या. सीएसएमटीसमोरचा भुयारी मार्ग, म्हणजे पायऱ्या उतरा आणि पायऱ्या चढा. फूटपाथवर पेव्हर ब्लॉक, त्यात बॅगेचं चाक अडकतं. एशियाटिकच्या पायऱ्या तीसेक. संग्रहालयाच्या दालनांतून चार बॅगा ओढत कुणी फिरू देणार नाही, आणि देऊही नये. हॉटेलात जेवायला बसलात तर वेटरला जायला वाट नाही. तो नकाशा, ती सगळी वर्षं, तो विटेट, सगळं तिथल्या तिथे असतं, आणि तुम्ही 'टॅक्सी! टॅक्सी!' करत असता. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला मान हलवून पुढे जातो.

मिळणारे सल्ले

यावर जे सल्ले मिळतात ते एकेक तपासून बघू. मी सगळे ऐकलेत.

पहिला सल्ला: सामान कमी न्या. हा देणारा हमखास माझ्याच वयाचा असतो. एकटा, पाठीवर एक सॅक, दोन टी-शर्ट, आणि चेहऱ्यावर जगाला शहाणपण दिल्याचा आनंद. अरे बाबा, तुझं ठीक आहे. पण बाबांची बीपीची औषधं, मावशीचं रात्री झोपताना लावायचं सीपॅप मशीन, कुणाकडे तान्हं मूल असेल तर त्याचा संसार, आणि जहाजावरच्या त्या एका रात्रीच्या झकपक जेवणासाठी आईने आठवणीने घेतलेली पैठणी, यातलं नक्की काय काढायचं? आणि समजा काढलं. वीस किलोचं आठ किलो झालं. आठ किलो हातात घेऊन सहा तास फिरायचंच आहे ना? बग तसाच आहे, तुम्ही फक्त त्याची सिव्हिअरिटी कमी करून तिकीट बंद केलंत.

दुसरा सल्ला: त्या दिवशी फिरूच नका, कुठेतरी एसीत बसून राहा. हा सल्ला ज्यांना मुंबई रोजची आहे ते देतात. बाकीच्या महाराष्ट्राने मुंबई कशी पाहिलीय हे त्यांना ठाऊक नाही. टाटा हॉस्पिटलची रांग, मंत्रालयाचं गेट, व्हिसाची मुलाखत, पोराची परीक्षा. सकाळच्या गाडीने यायचं, काम करायचं, रात्रीच्या गाडीने परत. काखेत पिशवी, हातात फाईल. आयुष्यात पहिल्यांदा माणूस मुंबईत काम नसताना आलाय, खिशात जहाजाचं तिकीट आहे, अंगावर नवीन शर्ट आहे, आणि आपण त्याला सांगायचं की एसीत बस?

तिसरा सल्ला: दिवसभराची गाडी करा, बॅगा डिकीत राहू द्या. वरवर बरा वाटतो. पण एक म्हणजे सीएनजीच्या टाकीने अर्धी डिकी आधीच खाल्लेली असते, चार जणांच्या चार बॅगा तिथे मावत नाहीत. मग दोन मागच्या सीटवर, म्हणजे माणसं कुठे? दुसरं म्हणजे गेटवेच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं हीच एक सहल आहे. आणि तिसरं, महत्त्वाचं. सामानाने भरलेली गाडी सोडून ड्रायव्हर जाणार कुठे? चहाला नाही, लघवीला नाही, जेवायला नाही. म्हणजे आईच्या जागी ड्रायव्हर बसला. प्रश्न सुटला नाही, आउटसोर्स झाला. हा प्रकार आमच्या धंद्यात फार चांगला ओळखीचा आहे.

चौथा सल्ला: आजकाल अ‍ॅप असतात. असतात. परदेशातल्या पर्यटनाच्या शहरांत दुकानदार, छोटी हॉटेलं तासावर बॅगा ठेवून घेतात आणि फोनवरून पैसे भरता येतात. सोय चांगली आहे, माझा विरोध नाही. पण जहाज पकडायचं असताना तुमची बॅग अशा दुकानात असेल ज्याचा मालक दुपारी जेवायला शटर ओढून घरी गेलाय, तर काय कराल? कंडक्टरला हात करून एसटी थांबवता येते, जहाज थांबवता येत नाही. दुकानदाराचा जोडधंदा ही बंदराच्या मूळ सोयीला पर्यायी जागा होऊ शकत नाही.

सुरक्षेचा मुद्दा

पाचवा मुद्दा सुरक्षेचा. हा मी हसण्यावारी नेणार नाही. १९९३चे स्फोट, २००६चे लोकलमधले स्फोट, आणि २६ नोव्हेंबर २००८. ते दहा जण समुद्रातून आले होते आणि त्यांनी ज्या जागा निवडल्या त्यात सीएसएमटी होतं. या शहराने बेवारस बॅगेला घाबरावं यात काही चूक नाही.

पण नीट विचार करा, आपण घाबरतो कशाला? बेवारस बॅगेला. तपासलेल्या, नाव लिहिलेल्या, पावती फाडलेल्या बॅगेला नाही. सामान ठेवायची सोय नसली म्हणजे बॅगा शहरात येत नाहीत असं थोडंच आहे? त्या येतातच. फक्त त्या तपासल्याशिवाय येतात आणि गर्दीत फिरतात. खांबाला टेकवलेल्या, बाकाखाली सारलेल्या, "जरा लक्ष ठेवा हं" म्हणून अनोळखी माणसाच्या भरवशावर टाकलेल्या. सुरक्षेच्याच दृष्टीने बघायचं तर पहाऱ्यातल्या खोलीत एक्स-रे होऊन पडलेल्या शंभर बॅगा बऱ्या, की फोर्टभर विखुरलेल्या न तपासलेल्या शंभर बॅगा बऱ्या?

११ मार्च २००४ला माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत पाठीवरच्या पिशव्यांमधून नेलेले बॉम्ब फुटले, १९०हून जास्त माणसं मेली. त्याच माद्रिदच्या आतोचा स्थानकात आज सामान ठेवता येतं, फक्त बॅग आधी एक्स-रेतून जाते. बरं, स्पेन लांब आहे म्हणाल, तर दिल्ली घ्या. तिथल्या एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोच्या नवी दिल्ली स्टेशनवर ठराविक विमान कंपन्यांचे प्रवासी आपली बॅग देऊन टाकतात आणि ती परस्पर विमानात चढते. गावाच्या मधोमध, रेल्वे स्टेशनाला लागून दिलेली बॅग थेट विमानाच्या पोटात! विमानाच्या बाबतीत जे चालतं ते जहाजाच्या बाबतीत का चालू नये? दिल्लीत सुरक्षेची चिंता मुंबईपेक्षा कमी आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे का?

हे मुंबईला नवीन नाही

गंमत म्हणजे हा प्रश्न याच धक्क्यावर शंभर वर्षांपूर्वी सोडवलेला होता. बॅलार्ड पियरला तेव्हा स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. विलायतेहून आलेल्या बोटीतून उतरायचं आणि समोर उभ्या असलेल्या आगगाडीत बसून उत्तरेकडे निघायचं. बोटीच्या आणि गाडीच्या मध्ये सामान घेऊन वणवण करायला जागाच ठेवलेली नव्हती. त्या काळच्या बोटींवर सामानालाही लेबलं असत. हे केबिनमध्ये हवं, हे प्रवासात मधे लागेल, हे मुक्कामाला पोचेपर्यंत लागणार नाही. माणूस आणि त्याचं सामान या दोन गोष्टी वेगवेगळ्या हलवायच्या असतात, हा विचार त्यात होता. आम्ही ज्याला 'लूज कपलिंग' म्हणून ट्रेनिंगमध्ये तीन दिवस शिकतो, ते हेच.

अर्थात ती सोय साहेबासाठी होती. आपली माणसं भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने जात. तिथे लेबलं नव्हती. वळकटी, ट्रंक, आणि गावाकडे न्यायच्या सामानाची बोचकी. पण तिथे हमाल होते, आणि मुख्य म्हणजे लोक धक्क्यावरच थांबत. बोट हीच सहल होती, मुंबई बघायला कुणी आलेलं नसायचं. आता जमाना बदललाय. आता साहेबाच्या धक्क्यावरून आपली माणसं जातात, हे मला फार आवडतं. पण आपली माणसं यायला लागल्यावर साहेबाची सोय तेवढी गेली, हे बरोबर नाही.

सोय असली की काय होतं

सोय असली की काय होतं ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून एवढ्या जोरात बोलतोय. आईबाबा आणि मावशी महालक्ष्मीने सीएसएमटीला आले. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे. कारण रेल्वेच्या क्लोकरूमचा नियमच तसा आहे. प्रवासाचं तिकीट दाखवा, कुलूप लावलेली बॅग द्या, पावती घ्या. हिंदी पाटीवर तिला 'अमानती सामान घर' म्हणतात. अमानत म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव. सरकारी पाटीवर इतका चांगला शब्द क्वचित असतो.

आईने तरी विचारलंच, "अरे, कशाला पैसे घालवतोस? मी बसते की." मावशीनेही दुजोरा दिला. मी काही न बोलता पावती घेतली.

मग आम्ही चौघं मोकळ्या हाताने चालत निघालो. फाउंटनला चहा झाला. संग्रहालय उघडल्या उघडल्या आत शिरलो. तिथे अश्शूरच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा आहेत, एकोणिसाव्या शतकात समुद्रमार्गे मुंबईत आलेल्या. आई त्यांच्यापुढे बराच वेळ उभी होती. बाबा दोनदा घड्याळ बघून गेले. शेवटी म्हणाली, "पाठ्यपुस्तकात हे चित्र टपालाच्या तिकिटाएवढं होतं. मी मुलांना तीस वर्षं ते लांबून दाखवलं."

त्या पावतीचे पैसे बाबांनी घरी गेल्यावर खर्चात 'इतर' मध्ये लिहिले. मी त्यांना ते वेगळ्या ओळीत लिहायला लावलं.

पण ही सोय आम्हाला मिळाली कारण आमच्याकडे रेल्वेचं तिकीट होतं. जो दादरला शिवनेरीतून उतरला त्याच्याकडे ते नाही. जो विमानाने आला त्याच्याकडेही नाही. आणि विमानाने येणाऱ्यांचं तर आता जास्तच विचित्र झालंय. ९ ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ पूर्ण धावायला लागली. विमानतळावर बसा आणि थेट सीएसएमटीला जमिनीखाली उतरा, ट्रॅफिकचा संबंध नाही. म्हणजे सरकारने हजारो कोटी खर्चून तुम्हाला बॅगेसकट फोर्टच्या मधोमध आणून सोडलं. पुढे? पुढे तेच वाक्य.

मागणं काय आहे

३० सप्टेंबर २०२४ला मुंबई बंदरातूनच 'क्रूझ भारत मिशन' जाहीर झालं. २०२९पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे असं ठरलंय. २० सप्टेंबर २०२५ला बॅलार्ड पियरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, वर्षाला १० लाख प्रवासी हाताळायची त्याची क्षमता. चांगली गोष्ट आहे, मला टीका करायची नाही. पण दहा लाख प्रवासी म्हणजे दहा लाखांहून जास्त बॅगा. बंदराचे आकडे नेहमी जहाजाच्या बाजूने मोजले जातात. पाण्याची खोली किती, जहाजाची लांबी किती. प्रवाशाच्या बाजूने मोजायचा एकच आकडा मला पाहिजे: सकाळी किती वाजल्यापासून माझी बॅग घ्याल?

मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही स्वस्त आहेत.

१. त्या दिवशीच्या जहाजाचं तिकीट असलेल्या प्रवाशाची बॅग टर्मिनलवर सकाळी आठपासून घ्या. आधीच्या फेरीचं सामान उतरत असतं, गोंधळ होईल, हे मान्य. म्हणून वेगळी खोली. मांडणी, एक्स-रे, पावती आणि दोन माणसं. बोर्डिंगची वेळ झाली की तीच बॅग नेहमीच्या रांगेत ढकला.

२. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये क्रूझचं तिकीटही चालेल असा नियम करा. रेल्वे केंद्र सरकारची, बंदर केंद्र सरकारचं. अंतर दीड किलोमीटर. एक परिपत्रक पुरे.

३. बॅग कुठे, किती वाजल्यापासून, किती पैशात ठेवता येईल, हे क्रूझच्या तिकिटावर मराठी, हिंदी, इंग्रजीत छापा. जी सोय आहे ती माहीत नसेल तर ती नसल्यासारखीच.

यात कुठेही पूल बांधायचा नाही, भराव टाकायचा नाही. आणि नुसत्या माणुसकीपोटी करा असंही मी म्हणत नाही. ज्याचे हात मोकळे असतात तो खर्च करतो. संग्रहालयाचं तिकीट काढतो, बेरी पुलाव खातो, कुलाब्याच्या फूटपाथवर घासाघीस करून कानातले घेतो. ज्याचे हात बॅगेत अडकलेत तो बाटलीभर पाणी घेतो आणि सावली शोधतो.

तोवर

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर जे जाणार आहेत त्यांच्यासाठी मी ऑफिसात सगळ्यांना पाठवतो ती यादी इथे देतो.

१. जमलं तर आदल्या दिवशी पोचा आणि फोर्टातच राहा. खोली सोडल्यावर बहुतेक हॉटेलं बॅगा ठेवून घेतात. पण बुकिंग करतानाच विचारा, सकाळी काउंटरवर नको.

२. रेल्वेने येत असाल तर तिकीट जपून ठेवा आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लावा. बाहेरच्या कप्प्यालाही.

३. एक हातपिशवी वेगळी भरा. तिकीट, ओळखपत्र, औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे. मोठी बॅग केबिनशी यायला संध्याकाळ होते, गोळी दुपारी लागते.

४. इस्त्री, मेणबत्ती, दारूच्या बाटल्या बॅगेत नकोत. बॅग तिथेच अडते आणि मग ती सोडवायला तुम्ही.

५. त्या दिवशी घारापुरीला जाऊ नका. लाँचला जायला तास, यायला तास, वर पायऱ्या. लेणी हजार-दीड हजार वर्षं उभी आहेत, पुढच्या वेळीही असतील. सोमवारी तर ती बंदच असतात.

६. आधी बॅग, मग मुंबई. बॅगेचा निकाल लागेपर्यंत एकही फोटो काढू नका.

७. आणि काहीच सोय झाली नाही, कुणालातरी बसावंच लागलं, तर पाळ्या लावा. तासाची एक पाळी, घड्याळ लावून. पहिली पाळी ज्याने तिकिटं काढली त्याची, दुसरी ज्याने सर्वांत जड बॅग आणली त्याची. "मी बसते" म्हणणाऱ्या बाईची पाळी लावायचीच नाही, तिच्या गेल्या तीस वर्षांच्या पाळ्या जमा आहेत.